कॅस्पेज-३ चा ब्लॉट, रॅबिट पॉलिक्लोनल आणि ते जादा बँड: दर नव्या लॉटला उभा राहणारा प्रश्न

तक्रार साधारण अशी असते. जुन्या व्हायलनं वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करून, मेम्ब्रेनवर उतरवून, अँटिबॉडीनं हवं ते प्रथिन शोधण्याची पद्धत) छान येत होता. कॅस्पेज-३ चा ३५ किलोडाल्टनला (प्रथिनाच्या वजनाचं एकक) ठळक बँड, औषध दिलेल्या पेशींच्या लेनमध्ये १७ ला दुसरा. व्हायल संपली, त्याच कंपनीकडून त्याच कॅटलॉग नंबरची नवी मागवली, ती आली नव्या लॉटची, म्हणजे नव्या उत्पादन-तुकडीची. डायल्युशन तेच, बफर तेच, करणारे हातही तेच. आणि आता ५५ च्या आसपास जाड पट्टा, ७० ला अजून एक, मध्ये धूसर रेघा, आणि ज्याच्यासाठी सगळा खटाटोप तो १७ चा बँड दिसतच नाही.

मग धावपळ सुरू होते. ब्लॉकिंग (मेम्ब्रेनच्या मोकळ्या जागा प्रथिनानं झाकणं) वाढव, धुण्यातलं ट्वीन हे डिटर्जंट वाढव, प्रायमरी पातळ कर, एक्सपोजर कमी कर. एकाच ब्लॉटमध्ये तीन-तीन गोष्टी बदललेल्या असतात, त्यामुळे ब्लॉट सुधारला तरी कशानं सुधारला ते कळत नाही आणि पुढच्या लॉटला पुन्हा पहिल्यापासून पाढे. बँड घालवायच्या मागे लागण्याआधी तो कुठून आला ते शोधा, एवढंच मला सांगायचं आहे. जादा बँडची उगमस्थानं मोजकी आहेत: सेकंडरी अँटिबॉडी (प्रायमरीला चिकटून सिग्नल देणारी), सॅम्पल किंवा खुद्द प्रायमरी (हव्या त्या प्रथिनाला चिकटणारी). कोणतं ते एक-दोन साध्या ब्लॉटमध्ये ठरवता येतं, आणि एकदा ठरलं की उपाय बहुतेक वेळा सरळ असतो.

उदाहरणासाठी कॅस्पेज-३ घेतलं आहे. अपोप्टोसिसमध्ये, म्हणजे पेशीच्या ठरवून होणाऱ्या मृत्यूत, काम करणारं हे एन्झाइम; ३५ चं प्रो-रूप कापलं गेलं की त्याचे १७ चा मोठा आणि १२ चा छोटा असे तुकडे होतात. अपोप्टोसिसवर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक लॅबमध्ये त्याची एखादी रॅबिट पॉलिक्लोनल (सशापासून काढलेलं अनेक अँटिबॉडीजचं मिश्रण) फ्रीजरमध्ये असतेच. शिवाय त्याची परीक्षा घ्यायला निसर्गानंच एक सोय करून ठेवली आहे. ती पुढे सांगतो. तुमचं प्रथिन दुसरं असलं तरी विचार करायची रीत तीच.

व्हायलमध्ये असतं काय

सशाला प्रथिन किंवा त्याचा छोटा पेप्टाइड टोचतात. पेप्टाइड एकटा फार लहान, त्याच्याकडे प्रतिकारयंत्रणा लक्ष देत नाही, म्हणून तो केएलएच नावाच्या थोराड वाहक प्रथिनाला जोडून देतात. ठरावीक अंतरानं बूस्टर देतात आणि मग रक्त काढून सिरम वेगळं करतात. त्या एका प्रथिनाविरुद्ध सशाच्या अनेक बी-पेशी जाग्या झालेल्या असतात आणि प्रत्येकीचं कूळ प्रथिनाच्या वेगवेगळ्या भागाला चिकटणारी अँटिबॉडी बनवतं. पॉलिक्लोनलचं बळ यातच आहे. एखादा भाग झाकला गेला, थोडा बदलला, तरी दुसऱ्या भागाला धरणाऱ्या अँटिबॉडीज असतात, त्यामुळे सिग्नल तगडा येतो.

पण त्याच सिरममध्ये सशानं आयुष्यात ज्या-ज्या गोष्टींशी सामना केला त्यांच्याही अँटिबॉडीज असतात. आतड्यातले जिवाणू, बुरशी, त्वचेतलं केरॅटिन, सगळं आलं. अँटिजेनच्या कॉलममधून अ‍ॅफिनिटी प्युरिफिकेशन केलं की यातल्या बऱ्याच निघून जातात. नुसतं प्रोटीन-ए कॉलममधून काढलेलं असेल तर जात नाहीत, कारण प्रोटीन-ए ला सशाची कुठलीही आयजीजी (रक्तातली मुख्य प्रकारची अँटिबॉडी) चालते. म्हणून डेटाशीटमधली शुद्धीकरणाची ओळ किंमतीच्या आधी वाचावी. 'अँटिसिरम' लिहिलंय, 'प्रोटीन-ए प्युरिफाइड' लिहिलंय की 'अ‍ॅफिनिटी प्युरिफाइड', यावर पुढचा अर्धा मनस्ताप ठरतो.

लॉट बदलतो म्हणजे काय होतं? कधी त्याच सशाचं नंतरचं रक्त असतं, कधी ससाच दुसरा असतो. लेबलवर कॅटलॉग नंबर तोच, आतलं मिश्रण मात्र नवं. एकाच पेशीकुळापासून येणाऱ्या मोनोक्लोनलमध्ये किंवा जनुकक्रमावरून बनवलेल्या रिकॉम्बिनंट अँटिबॉडीत हे इतकं होत नाही. पॉलिक्लोनलमध्ये हे होणारच, आणि यात कंपनीची लबाडी नसते. वापरणाऱ्यानं नवा लॉट म्हणजे नवी अँटिबॉडी असं धरून चालायचं.

पहिलं काम: प्रायमरीशिवाय ब्लॉट

हा ब्लॉट सगळ्यांना ठाऊक असतो आणि घाईत सगळ्यात जास्त तोच राहतो. एकाच जेलवर तीच सॅम्पल्स दोनदा लोड करा, मेम्ब्रेन मधोमध कापा. एका भागाला नेहमीसारखी प्रायमरी, दुसऱ्याला नुसतं ब्लॉकिंग बफर, रात्रभर चार अंशाला. त्यानंतरचं सगळं सारखं: सेकंडरी, धुणं, ईसीएल (सेकंडरीवरच्या एन्झाइमनं उजेड देणारा सबस्ट्रेट). एक्सपोजर मात्र प्रायमरी नसलेल्या भागाला उलट जास्त द्या.

या कोऱ्या भागावर बँड दिसला तर तो सेकंडरीचा. गोट अँटि-रॅबिट एचआरपी (बकरीत बनवलेली, सशाच्या अँटिबॉडीला धरणारी, एचआरपी एन्झाइम जोडलेली सेकंडरी) १:१००० ला वापरण्याची सवय अनेक लॅबमध्ये जुन्या, कमी संवेदनशील ईसीएलच्या काळापासून चालत आलेली आहे. आजच्या संवेदनशील सबस्ट्रेटला ते फार होतं. १:१०,००० ला या, गरज पडली तर १:२०,००० ला. सॅम्पल उंदराच्या किंवा माणसाच्या ऊतीचं असेल तर त्यात रक्तातली आयजीजी असतेच, आणि काही अँटि-रॅबिट सेकंडरीज तिलाही थोड्याफार चिकटतात. मग ५० ला त्या अँटिबॉडीची जड साखळी आणि २५ ला हलकी साखळी दिसते. प्लीहेच्या सॅम्पलमध्ये हे सर्वाधिक जाणवतं. उपाय म्हणजे इतर प्राण्यांच्या आयजीजीवर क्रॉस-अ‍ॅडसॉर्ब केलेली सेकंडरी, आणि ऊत काढण्याआधी थंड पीबीएस या खारट बफरनं परफ्युजन, म्हणजे रक्तवाहिन्यांतलं रक्त धुऊन काढणं.

कोरा भाग स्वच्छ निघाला तर सेकंडरी सुटली. आता तिला हात लावू नका. शक्य असेल तर तिसरा तुकडा ठेवा, ज्यावर प्रायमरीच्या जागी तितक्याच प्रमाणात साधी सशाची आयजीजी असेल. पॉलिक्लोनलसाठी हा तुकडा फार बोलका असतो. कुठल्याही सशाच्या अँटिबॉडीला तुमच्या सॅम्पलमध्ये चिकटण्यासारखं काय आहे, ते तो दाखवतो.

५५ ते ७० चा तो पट्टा

याच्यावर जरा थांबतो, कारण माझ्या मते सर्वाधिक वेळ यातच वाया जातो.

ब्लॉट हातात घेऊन नीट बघा. तो पट्टा प्रत्येक लेनमध्ये सारख्याच जाडीचा आहे का? लोडिंग दुप्पट केलेल्या लेनमध्येही तेवढाच? लेनच्या कडा ओलांडून शेजारच्या रिकाम्या जागेत तो सरळ रेषेत पुढे जातो का? मग तो तुमच्या पेशींमधून आलेलाच नाही. पेशीतलं प्रथिन लोडिंगप्रमाणे वाढतं-घटतं आणि लेनच्या हद्दीत राहतं.

हा बहुतेक वेळा केरॅटिनचा असतो, आपल्याच त्वचेतून आणि लॅबमधल्या धुळीतून आलेला. सॅम्पल बफरमध्ये, मर्कॅप्टोइथेनॉलच्या बाटलीत, जेलमध्ये खाचा पाडणाऱ्या कंगव्याच्या दातांवर, जेलच्या काचेच्या प्लेटवर तो बसलेला असतो. रिड्यूसिंग सॅम्पल बफर असलेल्या जेलमध्ये साधारण ५४ ते ६८ किलोडाल्टनच्या पट्ट्यात उतरतो. सशाच्या सिरममध्ये केरॅटिनविरुद्धच्या अँटिबॉडीज असणं नवलाचं नाही, म्हणून जुन्या लॉटला न दिसणारा हा पट्टा नव्या लॉटला एकदम उठून दिसतो आणि आपण समजतो अँटिबॉडी खराब आली.

तपासायला एक लेन पुरते. तिच्यात पेशींचं लायसेट (पेशी फोडून काढलेला अर्क) न घालता नुसतं सॅम्पल बफर उकळून लोड करा. तिथेही पट्टा आला तर प्रश्न मिटला. सॅम्पल बफर नव्यानं करा, ०.४५ मायक्रॉन फिल्टरमधून गाळा, छोट्या ट्यूबांत वाटून फ्रीजरला ठेवा. डीटीटी दर वेळी ताज्या अ‍ॅलिकोटमधून घाला. प्लेट आणि कंगवा इथेनॉलनं पुसा, जेल ओतल्यावर वरून झाका. एप्रिल-मेमध्ये पुण्यात किंवा नागपुरात खिडक्या उघड्या टाकून जेल ओतत असाल तर हा पट्टा हमखास वाढतो. सॅम्पल लोड करताना ग्लोव्ह्ज असतातच, पण कंगवा धुऊन ठेवताना आणि प्लेट जोडताना हात उघडे असतात, तेवढं बदला.

नुसत्या बफरच्या लेनमध्ये पट्टा नाही आणि लायसेटमध्ये आहे, तोही लोडिंगप्रमाणे वाढतोय, तर मात्र तो पेशीतल्या कुठल्यातरी खऱ्या प्रथिनाचा आहे. ते प्रथिन कॅस्पेज-३ आहे की दुसरं, हे पुढची परीक्षा ठरवते.

एमसीएफ-७: आयता मिळालेला पुरावा

स्तनकर्करोगाच्या एमसीएफ-७ या पेशी जगभरच्या लॅबमध्ये आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या भांडारातूनही मिळतात. या पेशींमध्ये कॅस्पेज-३ च्या जनुकातल्या तिसऱ्या एक्सॉनमधून ४७ बेस-जोड्या गळालेल्या आहेत, त्यामुळे वाचनचौकट बिघडते आणि प्रथिन तयारच होत नाही. जनुक कापण्याच्या क्रिस्पर तंत्राचा खर्च नाही, क्लोन निवडण्याची दगदग नाही, नॉकआउट (ते जनुक निकामी असलेली पेशी) आयता.

चार लेन पुरेत: हेला (लॅबमधल्या नेहमीच्या मानवी पेशी, ज्यांत कॅस्पेज-३ आहे) साधी, हेला स्टॉरोस्पोरिन (अपोप्टोसिस घडवणारं औषध) दिलेली, एमसीएफ-७ साधी, एमसीएफ-७ स्टॉरोस्पोरिन दिलेली. चौघींत सारखं प्रथिन, २० ते ३० मायक्रोग्रॅम. ट्रान्सफरनंतर (प्रथिनं जेलवरून मेम्ब्रेनवर उतरवल्यावर) पाँसो-एस या सगळी प्रथिनं रंगवणाऱ्या रंगानं लोडिंग सारखं उतरलंय याची खात्री करा आणि फोटो काढून ठेवा.

आता बँड वाचा. हेलामध्ये ३५ ला आहे आणि एमसीएफ-७ मध्ये नाही: तो प्रो-कॅस्पेज-३. औषध दिलेल्या हेलामध्ये १७-१९ ला आहे, बाकी तिन्हीकडे नाही: तो कापला गेलेला मोठा तुकडा. ५५ किंवा ७० चा बँड चारही लेनमध्ये आहे: तो काहीही असो, कॅस्पेज-३ नाही, कारण एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेज-३ मुळात नाहीच. हा एक ब्लॉट तुमच्या मार्गदर्शकांपुढे आणि पुढे परीक्षकांपुढे ठेवला तर त्या बँडवरचा वाद संपतो.

एक बारकावा इथे सुटू नये. एमसीएफ-७ मध्येही ३५ च्या आसपास फिकट बँड दिसला तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. कॅस्पेज-७ या पेशींमध्ये असतं, त्याचं प्रो-रूपही ३५ च्याच जवळपास पळतं आणि रचनेत ते कॅस्पेज-३ चं सख्खं भावंड आहे. पूर्ण प्रथिन टोचून केलेल्या पॉलिक्लोनलमध्ये दोघांना ओळखणाऱ्या अँटिबॉडीज असू शकतात. औषध दिल्यावर एमसीएफ-७ मध्ये २० च्या जवळ काही उमटलं तर संशय बळावतो. मग त्या लॉटवरून '३५ चा बँड कमी झाला म्हणजे कॅस्पेज-३ कापलं गेलं' असा निष्कर्ष काढता येणार नाही. कापलेल्या रूपाचीच, म्हणजे १७५ व्या अ‍ॅस्पार्टेटपाशी उघडं पडलेलं टोक ओळखणारी अँटिबॉडी जोडीला घ्या.

अजून एक शंका दर वेळी येते: कॅस्पेज-३ नाही तर एमसीएफ-७ मरतात कशा? मरतात, बाकीची कॅस्पेजेस काम करतात. पण डीएनएचे ते प्रसिद्ध शिडीसारखे तुकडे होत नाहीत. त्यामुळे औषध लागू पडलं की नाही हे या पेशींत डीएनए लॅडरवरून ठरवायला जाऊ नका.

तुमचं प्रथिन वेगळं असेल तर अशाच पेशी शोधा. पी-५३ साठी साओस-२ आणि एच-१२९९, पीटीईएनसाठी पीसी-३, ई-कॅडहेरिनसाठी एमडीए-एमबी-२३१. अशी पेशी नसेल तर एसआयआरएनए, म्हणजे त्या प्रथिनाची निर्मिती दाबणारे छोटे आरएनए. त्यात बँड पूर्ण जात नाही, कमी होतो, म्हणून दोन वेगवेगळ्या एसआयआरएनए घ्या आणि दोन्हींत तोच बँड कमी होतो का ते बघा. ब्लॉकिंग पेप्टाइडवर (अँटिबॉडी बनवताना टोचलेलाच पेप्टाइड, तिची चिकटण्याची जागा भरण्यासाठी) मात्र सगळा भार टाकू नये. पेप्टाइड घातल्यावर बँड गेला म्हणजे अँटिबॉडी त्या पेप्टाइडमार्फत चिकटत होती एवढंच सिद्ध होतं. तसाच क्रम असलेल्या भलत्या प्रथिनाचा बँडही त्यानं तितक्याच सहज जातो.

आणि डेटाशीटवरचा आकडा हा देववाणी मानू नका. माणसाचं पी-५३ वजनानं सुमारे ४३.७ किलोडाल्टन आहे, पण जेलवर ५३ ला पळतं आणि नावही त्यावरूनच पडलं. प्रोलीनचं प्रमाण जास्त असलेला भाग, साखरेचे, फॉस्फेटचे बदल, यानं प्रथिनं पुढे-मागे पळतात. आकडा जुळला म्हणून बँड खरा ठरत नाही, नाही जुळला म्हणून खोटा ठरत नाही.

हे सगळं अतिरेकी वाटत असेल तर एस्ट्रोजेन रिसेप्टर बीटाचं प्रकरण आठवा. त्यावर अनेक वर्षं शेकडो कामं झाली. २०१७ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेल्या तपासणीत १३ अँटिबॉडीज कसून पाहिल्या गेल्या आणि त्यातली फक्त एक भरवशाची निघाली. ज्या ऊतींत हे रिसेप्टर आहे असं मानलं जात होतं, त्यातल्या कित्येक ठिकाणी ते सापडलं नाही. पुढे वायकॅरॉस या गटानं ६५ प्रथिनांवरच्या ६१४ अँटिबॉडीज नॉकआउट पेशींवर तपासल्या, त्यात रिकॉम्बिनंट अँटिबॉडीज पॉलिक्लोनलपेक्षा सरस ठरल्या. म्हणून पॉलिक्लोनल टाकून द्यायची का? नाही. चांगली पॉलिक्लोनल आजही कामाची आहे, विशेषतः प्रथिन कमी असतं तिथे. पण नॉकआउट लेनशिवाय तिच्यावर विश्वास टाकायला मी तयार नाही.

१७ चा बँड गेला कुठे

इथे अँटिबॉडीला दोष देण्याआधी पेशींकडे बघा. अपोप्टोसिस झालेल्या पेशी तळ सोडून माध्यमात तरंगायला लागतात. बरेच जण प्लेट उचलतात, माध्यम ओततात, पीबीएसनं धुतात आणि चिकटून राहिलेल्या पेशी खरवडून लायसेट करतात. ज्या पेशींत कॅस्पेज-३ कापलं गेलं होतं त्या सिंकमध्ये गेल्या! माध्यम ट्यूबमध्ये घ्या, धुतलेलं पीबीएसही त्यातच, सेंट्रिफ्यूज करा आणि ती गोळी खरवडलेल्या पेशींत मिसळा. एवढ्यानंच कित्येक 'बिघडलेल्या' अँटिबॉडीज सुधारलेल्या दिसतात.

मग वेळ. हेलाला १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिन दिल्यावर ४ ते ६ तासांत तुकडा दिसायला हवा. रात्रभर ठेवलं तर पेशी फुटून आतलं बरंच काही निघून गेलेलं असतं.

मग जेल आणि ट्रान्सफर. १७ किलोडाल्टनसाठी १० टक्के जेल नको, १५ टक्के घ्या. मेम्ब्रेन ०.४५ नको, ०.२ मायक्रॉनची घ्या. छोटं प्रथिन ०.४५ च्या छिद्रांतून पलीकडे जातं. ट्रान्सफर बफरमध्ये २० टक्के मिथेनॉल असू द्या आणि वेळ आटोक्यात ठेवा. शंका असेल तर मागे दुसरी मेम्ब्रेन लावून बघा, पाँसोमध्ये छोटी प्रथिनं तिच्यावर उतरलेली दिसली तर ट्रान्सफर जास्त होतंय.

हे सगळं ठीक असूनही १७ येत नसेल, आणि ३५ चा बँड मात्र औषधानं कमी होतोय, तर या लॉटमधल्या बहुतेक अँटिबॉडीज मोठ्या तुकड्याला धरणाऱ्या नसाव्यात. इम्युनोजेन, म्हणजे सशाला टोचलेला भाग, कोणता होता ते डेटाशीटमध्ये बघा. छोट्या १२ च्या तुकड्यातला पेप्टाइड असेल तर १७ दिसण्याची अपेक्षाच चुकीची.

नवा लॉट आला की काय करायचं

खरं तर काम जुनी व्हायल संपायच्या आधी सुरू होतं. तिच्यातले शेवटचे १० मायक्रोलिटर बाजूला ठेवा. आपल्याकडे परदेशी अँटिबॉडी यायला काही आठवडे सहज जातात, मध्येच कस्टममध्ये अडकते, त्यामुळे लोक शेवटचा थेंब संपवून मग ऑर्डर देतात आणि तुलनेला काहीच उरत नाही.

दुसरं, एक संदर्भ-लायसेट करून ठेवा. साधी हेला, औषध दिलेली हेला आणि एमसीएफ-७, प्रत्येकी भरपूर, सॅम्पल बफरमध्ये उकळून, छोट्या ट्यूबांत, उणे ८० ला. पुढचे सगळे लॉट याच सॅम्पलवर तपासायचे. दर वेळी नव्या पेशी, नवं लायसेट घेतलं तर फरक लॉटचा की सॅम्पलचा, हे कळत नाही.

तपासणीसाठी एकच रुंद खाच असलेला कंगवा वापरा. सगळं औषध दिलेल्या हेलाचं लायसेट त्या रुंद खाचेत, बाजूला लॅडर (ठाऊक वजनांच्या प्रथिनांचं मिश्रण). ट्रान्सफरनंतर मेम्ब्रेनच्या उभ्या पट्ट्या कापा, साधारण ५ मिलिमीटरच्या, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यावर पेन्सिलनं क्रमांक टाका. प्रत्येक पट्टी वेगळ्या ट्यूबमध्ये: जुना लॉट नेहमीच्या डायल्युशनला, नवा लॉट १:५००, १:१०००, १:२०००, १:४०००, १:८०००. शेवटी सगळ्या पट्ट्या शेजारी-शेजारी लावून एकाच वेळी ईसीएल आणि एकच एक्सपोजर. आता दिसतं की १:५०० ला ५५ चा बँड ३५ इतकाच गडद आहे, १:४००० ला ३५ टिकलाय आणि ५५ पुसट झालाय. जुन्या व्हायलचं डायल्युशन नव्या व्हायलला लागू पडलंच पाहिजे असा काही नियम नाही. अनेकदा सगळा प्रश्न याच पट्ट्यांवर सुटतो.

डायल्युशननं न सुटल्यास ब्लॉकिंग. ५ टक्के मिल्क पावडर आणि ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन), दोन्ही करून बघा, पण एका वेळी एकच बदल. मिल्कनं अनेक पॉलिक्लोनल शांत होतात, कधी खरा बँडही त्यानं दबतो. फॉस्फो-अँटिबॉडी (प्रथिनाचं फॉस्फेट जोडलेलं रूप ओळखणारी) असेल तर बीएसए बरं, कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटनं लगडलेलं असतं. टीबीएसटी या धुण्याच्या बफरमध्ये ट्वीन-२० ०.१ टक्का ठेवून धुण्याचा वेळ वाढवा. ट्वीन वाढवत नेण्यापेक्षा दर दहा मिनिटांनी बफर बदललेलं जास्त चांगलं.

साठवणुकीबद्दल थोडंसं. व्हायल आली की आधी हलकी फिरवा, झाकणाला चिकटलेले थेंब खाली येतात. १० मायक्रोलिटरपेक्षा लहान अ‍ॅलिकोट करू नका. ग्लिसरॉल ५० टक्के असेल तर ती उणे २० ला गोठतच नाही, तिला अ‍ॅलिकोटचीही फार गरज नसते. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रीजरमध्ये मात्र ठेवू नका, त्याचं तापमान सतत वर-खाली होतं. वीज जाण्याचा भाग असेल तर एन्झाइम ठेवायच्या जेल-पॅकच्या डब्यात व्हायल ठेवा, तो तासन्‌तास थंड राहतो.

बाकीचे काही, चटकन

बँडच्या जागी मधोमध पांढरा, कडेला काळा असा पोकळ ठिपका येतो, किंवा मेम्ब्रेनवर डोळ्यांनाच पिवळसर-तपकिरी रेघ दिसते: एचआरपी फार झालं, सबस्ट्रेट क्षणात संपला. एक्सपोजर कमी करून हे जाणार नाही, अँटिबॉडी पातळ करा.

पूर्ण ब्लॉट कोरा, लॅडर तेवढा दिसतो: प्रायमरी परत वापरण्यासाठी सोडियम अझाइड घातलं होतं का? प्रायमरीत चालतं, पण एचआरपी असलेल्या सेकंडरीच्या बफरमध्ये ते गेलं तर एचआरपी मरतं.

इम्युनोप्रेसिपिटेशनसाठी (अँटिबॉडीनं प्रथिन ओढून वेगळं काढण्यासाठी) रॅबिट अँटिबॉडी आणि ब्लॉटलाही रॅबिट वापरली तर ५० आणि २५ ला सशाच्याच साखळ्या चमकणार. कॅस्पेज-३ च्या ३५ ला त्याचा त्रास कमी, पण प्रथिन ५० च्या जवळ असेल तर ब्लॉटसाठी उंदराची मोनोक्लोनल घ्या किंवा फक्त हलक्या साखळीला ओळखणारी सेकंडरी.

जिवाणूत बनवलेलं प्रथिन टोचून तयार केलेली अँटिबॉडी ई. कोलायच्याच लायसेटवर लावली तर बँडची शिडीच दिसते. टोचलेल्या प्रथिनाबरोबर जिवाणूची प्रथिनंही गेलेली असतात. अँटिबॉडी वापरण्याआधी रिकाम्या ई. कोलायच्या लायसेटबरोबर तासभर मिसळून, फिरवून, वरचं द्रव वापरा.

कंपनीला लिहिताना

वरचं सगळं करून लॉट खरोखर वाईट निघाला, तर कंपनीला जरूर कळवा. नुसतं 'बँड नीट येत नाही' असं लिहिलं की उत्तरात ब्लॉकिंग वाढवा, डायल्युशन बदला, एवढंच येतं. मेलमध्ये लॉट नंबर लिहा, व्हायल कुठल्या तारखेला आणि कुठल्या अवस्थेत मिळाली ते लिहा. न कापलेला पूर्ण ब्लॉट जोडा, त्यात हेला आणि एमसीएफ-७ शेजारी-शेजारी असू द्या, खाली पाँसोचा फोटो. प्रायमरीशिवायचा भाग आणि जुन्या-नव्या लॉटच्या पट्ट्याही जोडा. व्हायल बदलून मागा, आणि बदली व्हायल दुसऱ्या लॉटची असावी हे स्पष्ट लिहा, नाहीतर त्याच लॉटची दुसरी व्हायल येते. एखादा लॉट उत्तम निघाला तर पुढच्या कामाला लागेल तेवढ्या व्हायल त्याच लॉटच्या राखून ठेवायला सांगा, बरेच विक्रेते ते करतात. शोधनिबंधात कॅटलॉग नंबरबरोबर लॉट नंबर आणि अँटिबॉडीचा आरआरआयडी (तिचा जागतिक ओळख-क्रमांक) लिहा, म्हणजे तीच अँटिबॉडी मागवणाऱ्या पुढच्या माणसाला आपण कोणत्या व्हायलवर कोणता बँड पाहिला ते कळेल.